दोघी एकाच शाळेत, दोघी एकाच एम.ए.ला : अभ्यास, नोकरी आणि मैत्री कशी सांभाळायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. डोंगराळ भागातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. तुम्ही आणि तुमच्या सहकारी बाई जिवलग मैत्रिणी. गेल्या वर्षी दोघींनी ठरवून इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. (शिक्षणशास्त्र)ला प्रवेश घेतला, ‘एकत्र अभ्यास करू’ म्हणून. जूनच्या परीक्षेला दोघीही बसला नाहीत. आता त्यांचे स्वाध्याय (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) लिहून तयार आहेत, तुमचे अर्धवट. डिसेंबरला दोघींचे पेपर एकाच दिवशी येणार आणि केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, सांगितलंय की रजा एकीलाच मिळेल. शाळेत आता अवघडल्यासारखं होतं, मधल्या सुट्टीतलं बोलणंही कमी झालंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय : मैत्री सांभाळू की एम.ए.?

मला यात तीन वेगळे प्रश्न दिसतात. एक रजेचा, तो कागदावर सुटतो. दुसरा वेळेचा, तो हिशेबाने सुटतो. तिसरा तुमच्या दोघींमधला. तो खरं तर तिन्हींत हलका आहे, पण पहिल्या दोन्हींचं ओझं तुम्ही त्याच्याच डोक्यावर दिलंय.

मी कोण, तेही सांगते. माझी नोकरी अनुदानित हायस्कूलमधली. माझं एम.ए. नोकरी करता करता, शाळेतल्याच एका मैत्रिणीबरोबर झालं. नंतर बरीच वर्षं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जात होते. तिथे निम्मे विद्यार्थी शिक्षकच असायचे आणि इग्नूचे फॉर्म घेऊनही लोक माझ्याकडेच यायचे. द्विशिक्षकी शाळेत मी स्वतः काम केलेलं नाही, तिथून आलेल्यांचं ऐकलंय. शिवाय तुमच्या घरी लहान मूल आहे का, शाळा घरापासून किती लांब, गटशिक्षणाधिकारी कसे आहेत, यावर बरंच अवलंबून राहील. तेवढं धरून वाचा.

आधी रजा. केंद्रप्रमुखांवर रागावू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. दोघी एकाच दिवशी गेलात की शाळेला कुलूप. पालकांपैकी एकाने फोटो काढून पंचायत समितीच्या ग्रुपवर टाकला की तुमच्या एम.ए.ची चर्चा नको त्या ठिकाणी होईल. तेव्हा ‘एकीलाच रजा’ हे धरूनच चाला आणि त्यातून वाट काढा.

वाट आहे. इग्नूत परीक्षेचा फॉर्म पेपरनिहाय भरायचा असतो. वर्षात दोन सत्रांत परीक्षा होतात, जून आणि डिसेंबर. कोणता पेपर कोणत्या सत्रात द्यायचा ते आपण ठरवायचं. सगळे पेपर एकदम दिलेच पाहिजेत असं काही नाही. दोन वर्षांचं एम.ए. पुरं करायला चार वर्षांची मुदत मिळते. १९८५ साली इग्नू आणि १९८९ साली आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ निघालं, तेव्हा नोकरी-संसारात अडकलेल्या माणसांचा विचार त्यात होता. तरी आपण शिक्षक मंडळी तिथेही कॉलेजातल्या पोरांसारखे वागतो : सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच बाकावर, एकाच वर्षी पास. मुक्त विद्यापीठाची फी भरायची आणि त्यातलं ‘मुक्त’ वापरायचंच नाही, असा प्रकार मी पुष्कळ पाहिला.

म्हणून डिसेंबर तुमच्या मैत्रिणीला द्या. त्यांची तयारी आहे, त्यांनी बसावं. तुम्ही डिसेंबरला एकच पेपर ठेवा, फार तर दोन. तेही असे निवडा, की त्या दिवशी तुमच्या मैत्रिणीचा पेपर नसेल आणि त्या शाळेत असतील. त्यासाठी तुम्ही निवडलेल्या पेपरांचे फॉर्म त्यांनी जूनच्या सत्राला भरावेत. म्हणजे दोघींनी समोरासमोर बसून पेपरांची वाटणी करायची, आणि ती फॉर्मची मुदत संपायच्या आत. फॉर्मच्या आणि स्वाध्यायाच्या तारखा दर सत्राला थोड्याफार बदलतात, कधी वाढवूनही मिळतात. त्या संकेतस्थळावरच बघा, कुणाच्या स्टेटसवर नव्हे.

तुमचा मोठा भाग जूनला जाऊ द्या. जूनची परीक्षा महिन्याच्या सुरुवातीला चालू होते आणि आपली शाळा महिन्याच्या मध्याला उघडते, म्हणजे निदान काही पेपर तरी सुट्टीत उरकतात. डिसेंबरमध्ये काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको : केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, सहल, स्नेहसंमेलनाची तालीम. त्या गर्दीत दोघींचा अभ्यास एकदम बसवायचा हट्ट धरू नका.

तरीही एखादा दिवस टक्कर होईलच. त्यासाठी आत्ताच लेखी अर्ज द्या, वेळापत्रक जोडून, की त्या तारखेला केंद्रातल्या जवळच्या शाळेचा एक शिक्षक तात्पुरत्या कामगिरीवर मिळावा. आदल्या दिवशी फोनवर मागितलं तर नाहीच मिळणार. दीड महिना आधी कागद गेला असेल तर केंद्रप्रमुखालाही वर दाखवायला काहीतरी हातात असतं. आणि मुख्य म्हणजे, उच्च शिक्षणाची परवानगी घेतलीय ना? प्रवेश घेतल्यावर ‘नंतर बघू’ म्हणणारे खूप भेटले. सेवापुस्तकात पदवीची नोंद करायची वेळ येते तेव्हा हेच लोक कार्योत्तर, म्हणजे मागाहून घ्यायच्या, परवानगीसाठी टेबलाटेबलाला फिरतात. राहिली असेल तर या आठवड्यात दोघींचे वेगवेगळे अर्ज द्या. एकाच अर्जावर दोन सह्या नकोत. एकीचं काही अडलं तर दुसरीचंही अडून राहतं.

आता वेळ. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय : ‘शिवाय मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आहे.’ शिवाय? ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ‘शिवाय’मध्ये आहे. दोन वर्ग तुम्हालाही आहेत आणि त्यांनाही. पण पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा साठा, यू-डायस प्लस या शासनाच्या पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, अनुदानाचा हिशेब, आणि ‘आज दुपारी चारपर्यंत माहिती सादर करावी’ असे मेसेज, हे सगळं तुमच्या एकटीच्या माथी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं आहे खरं. पण ही वरची कामं ‘शाळेचीच’ म्हणून मोजली जातात, त्यामुळे ती कुठल्याच कलमात सापडत नाहीत. मैत्रिणीचे स्वाध्याय झाले आणि तुमचे राहिले याचं कारण त्या हुशार आणि तुम्ही आळशी हे नसून, संध्याकाळी पाचनंतरचा तास त्यांच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, हे आहे. हे तुम्ही स्वतःशी अजून बोललेल्या दिसत नाही. त्यांनाही ते कळलं नसेल, कारण चार्जचं काम बाहेरून दिसत नाही.

हिशेब करून बघू. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकाला (क्रेडिटला) अभ्यासाचे ३० तास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर १२० तासांचा आणि सहा श्रेयांकांचा १८० तासांचा. तुम्हाला आठवड्याला खरेखुरे ९ तास मिळत असतील तर सहा श्रेयांकांच्या एका पेपरला २० आठवडे लागतील. आता शिक्षणशास्त्र तुम्हाला कोरं नाही, डी.एड.ला निम्मं वाचलंय, वर्गात रोज वापरताय, तेव्हा वेळ थोडा कमी लागेल. तरीही एका सत्राला दोन पेपर ही चार्ज असलेल्या बाईची कमाल मर्यादा. दोन वर्षांत एम.ए. संपवायचं हे तुमच्या बाबतीत जमणारं नाही. तीन-साडेतीन वर्षं धरा आणि ते आजच मैत्रिणीला सांगून टाका. ‘मी तुझ्याबरोबर संपवणार नाहीये, माझं नंतर होईल’ एवढं एक वाक्य बोललं गेलं की शाळेतलं अर्धं अवघडलेपण जाईल, असा माझा अंदाज आहे.

हे ९ तास कुठून काढायचे, याबद्दल मी फार सांगत नाही. प्रत्येकीचं घर वेगळं. एवढंच, की पहाटे उठून अभ्यास हा सल्ला मी देत नाही. ज्या घरात बाईच आधी उठून डबे करते, तिथे पहाट आधीच खर्च झालेली असते. माझ्या केंद्रावरच्या बायकांना शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचे दोन-तीन तास सगळ्यात लाभले, कारण घरी ‘आज अर्धीच शाळा’ हे कुणी लक्षात ठेवलेलं नसतं. शाळेतच बसा, घरी जाऊन अभ्यास होत नाही. मात्र शाळेच्या वेळात, मुलांसमोर, एम.ए.चं पुस्तक उघडायचं नाही. मुलं गणितं सोडवतायत म्हणून दहा मिनिटं वाचलं तरी गावात ‘बाई स्वतःचंच वाचत बसतात’ हे पोचतं. आणि ते चूकही नसतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. मैत्रिणीची मदत पुस्तकात मागू नका, शाळेच्या कामात मागा. बहुतेक जोड्या उलटं करतात. एकत्र बसून वाचतात, नोट्स वाटून घेतात, स्वाध्याय एकीचे बघून दुसरी लिहिते आणि शाळेचं ओझं मात्र जिचं तिने वाहायचं. मी केंद्रावर ज्या जोड्या पाहिल्या त्यांत एकत्र बसून वाचणाऱ्या लवकर ढेपाळल्या. दोघींचा वाचण्याचा वेग कधीच सारखा नसतो. हळू वाचणारी लाजते, भरभर वाचणारी थांबून थांबून कंटाळते, मग विषय बदल्यांवर जातो, बदल्यांवरून सासूवर, आणि पुस्तक मिटतं. गप्पा वाईट नाहीत, पण त्या अभ्यासाच्या नावाखाली झाल्या की दोघींनाही रात्री अपराधी वाटतं, आणि ते अपराधीपण हळूहळू एकमेकींच्या खाती जमा होतं.

उलट, ज्यांनी शाळेचं काम वाटून घेतलं त्यांचं निभलं. तुमच्यापुरतं असं : सही आणि जबाबदारी चार्ज असलेल्या व्यक्तीची, ती तुमचीच राहील. पण पोषण आहाराची नोंद आणि साठा रजिस्टर, ऑनलाइन माहितीचा मसुदा, परिपाठाची तयारी, ही कामं आठवडा आलटून-पालटून करता येतात. तुमच्या पेपरच्या आधीचे पंधरा दिवस त्यांनी ती घ्यायची, त्यांच्या पेपरच्या आधीचे पंधरा दिवस तुम्ही. डिसेंबरला त्या पेपरला जातील तेव्हा चारही वर्ग तुम्ही सांभाळायचे आणि त्यासाठी त्यांनी आदल्या दिवशी आपल्या दोन वर्गांचं काम गटप्रमुख मुलांना समजावून ठेवायचं. जूनला हेच उलट. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. एकदा वहीत लिहून काढा कोणतं काम कोणाकडे कधी. मैत्रीत कसला आलाय हिशेब, असं म्हणाल तर सांगते, न लिहिलेला हिशेब मनात लिहिला जातो आणि तिथे बेरीज नेहमी चुकते.

मग अभ्यासात मैत्रीला जागाच नाही का? आहे, पण थोडी आणि ठरलेली. आपापलं वेगळं वाचायचं आणि आठवड्यातून एकदा, पुस्तक मिटून, वाचलेला एक घटक एकीने दुसरीला सांगायचा. अर्धा तास पुरे. सांगताना जिथे अडखळतो तिथे आपल्याला कळलेलं नसतं, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको. तुम्ही दोघी एकाच गाडीवरून शाळेत जाता असं लिहिलंय, तोही चांगला वेळ. एका जोडीने तर अभ्यासक्रमातला सगळा वायगॉट्स्की, म्हणजे त्या रशियन मानसशास्त्रज्ञाचा शिकण्याबद्दलचा सिद्धांत, घाटात पुरा केला होता. शिकणाऱ्याला एकट्याला जे जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमतं, तो मधला टप्पा कसा असतो, हे त्यांना पुस्तकापेक्षा चौथीतली पोरगी दुसरीतल्या भावाला हातचा समजावताना जास्त कळलं, आणि पेपरात त्यांनी तेच लिहिलं. तुमच्याकडे बहुवर्ग अध्यापनाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक वर्ग शिकवण्याचा, असा माल रोज डोळ्यांपुढे आहे. शहरातल्या शाळेतल्या परीक्षार्थीला तो कल्पनेने लिहावा लागतो.

स्वाध्यायाबद्दल मात्र मी कडक आहे. त्यांचे तयार आहेत म्हणून त्यांच्या वहीवरून तुमचे उतरवू नका. त्यांनी आपणहून दिले तरी घेऊ नका. इग्नूत अंतिम निकालात साधारण ३० टक्के वजन स्वाध्यायाला असतं आणि एकसारखे स्वाध्याय आले तर दोघींचेही अडचणीत येतात. म्हणजे तुमच्यामुळे त्यांचं नुकसान. प्रश्नावर चर्चा करा, कोणता मुद्दा कुठे सापडेल ते विचारा, लिहिताना वेगळ्या बसा. उदाहरणं आपापल्या वर्गातली घ्या. त्यांचे वर्ग पहिली-दुसरी, तुमचे तिसरी-चौथी, उत्तरं आपोआप वेगळी होतील. आणि एक तपासा : स्वाध्यायाचे प्रश्न सत्राप्रमाणे बदलतात. तुमचे अर्धवट राहिलेले जुन्या सत्राचे असतील तर ते अजून चालतात का ते पाहून मगच पुढे लिहा. नाहीतर महिनाभराची मेहनत वाया जायची.

आता तिसरा प्रश्न. दोन बायकांनी मिळून शिक्षणात काम केलं म्हटलं की आपल्याकडे लगेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव निघतं, बोर्डी आणि कोसबाडच्या त्यांच्या बालशिक्षणाच्या कामाचं. पण त्या उदाहरणाने तुमचं काम होणार नाही. ताराबाईंचा जन्म १८९२चा, अनुताईंचा १९१०चा. अठरा वर्षांचं अंतर. एक दाखवणारी, एक शिकणारी हे तिथे सुरुवातीपासून स्पष्ट होतं. तुम्ही दोघी बरोबरीच्या, एकाच वर्षी एकाच वर्गात बसलेल्या. बरोबरीच्या माणसांत कोण पुढे, कोण मागे हे आपोआप मोजलं जातं, आणि त्याला कुणाचा स्वभाव कारणीभूत नसतो. म्हणून मोजायच्या जागाच कमी करा. शाळेत ‘किती झालं?’ विचारायचं नाही, ते आठवड्याच्या त्या अर्ध्या तासात. निकाल नोंदणी क्रमांक टाकला की कुणालाही दिसतो. एकमेकींचा निकाल आपणहून बघायचा नाही, जिचा तिने सांगितला तर ऐकायचा.

आणखी एक बोलून ठेवा, आणि हे बोलणं कुणालाच आवडत नाही : दोघींपैकी एकीने एम.ए. सोडलं तर काय? माझ्या केंद्रावर एका शिक्षिकेने सासऱ्यांच्या आजारपणात अभ्यास सोडला. तिच्या मैत्रिणीचे दोनच पेपर राहिले होते. ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून तिने त्या सत्राचा फॉर्म भरला नाही, पुढच्याही नाही, आणि मुदत संपली. सोडणारीने तसं कधीच मागितलं नव्हतं. तेव्हा आजच एकमेकींना सांगा, की मी थांबले तरी तू थांबायचं नाहीस. बदलीचाही विचार करा. तुमची शाळा बदलीच्या नियमांतल्या ‘अवघड क्षेत्रात’ असेल तर तिथे तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो. तुमच्यापैकी एक बदली अधिकारप्राप्त यादीत येईल आणि फॉर्म भरेलही. भरावाच. अभ्यास दुसरीवर टांगलेला असेल तर बदलीचा आदेश निघाला की तो खाली पडतो. स्वतःची पुस्तकं, स्वतःची वही, स्वतःचं वेळापत्रक हे सगळं म्हणूनच वेगळं हवं.

तुम्ही ‘मैत्री की एम.ए.’ असं विचारलंत, म्हणून सरळ सांगते. आत्ता या सत्राला तुमचं एम.ए. थोडं मागे पडेल, आणि ते चार्जमुळे, मैत्रीमुळे नाही. मैत्रिणीला डिसेंबर मोकळा करून दिलात तर जूनला त्या तुमच्यासाठी चार वर्ग सांभाळतील यावर मी पैज लावीन. नाही सांभाळले, तर मात्र मला पुन्हा लिहा. तेव्हा उत्तर वेगळं असेल.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी बसून कोण कोणते पेपर डिसेंबरला देणार ते ठरवा, आणि परवानगीचा कागद कुठे अडकलाय ते पंचायत समितीत विचारून या. तिथे गेलाच आहात तर आवक क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.